महाविद्यालयाचा पहिला आठवडा: शिकवले कमी जाते, ठरते मात्र पुष्कळ

दरवर्षी महाविद्यालय सुरू झाल्यानंतर दहा-बारा दिवसांनी विभागाच्या दाराशी दोन-चार विद्यार्थी हातात प्रवेशाची पावती घेऊन उभे दिसतात. त्यांचा प्रवेश वेळेत झालेला असतो, शुल्कही भरलेले असते. वर्गात मात्र ते आजच आलेले असतात. कारण विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते: पहिल्या आठवड्यात काही शिकवत नाहीत, असे कोणीतरी सांगितले होते. सांगणाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. पहिल्या आठवड्यात अभ्यासक्रम थोडाच पुढे सरकतो. परंतु त्याच सहा दिवसांत तुमचे विषय, तुमची तुकडी, प्रॅक्टिकलची बॅच, तुमचे नाव कोणकोणत्या याद्यांत जाते आणि वर्षभर तुमच्या शेजारी कोण बसते, हे सारे ठरून जाते. आणि एकदा ठरले की ते बदलण्यासाठी अर्ज लिहावे लागतात, सह्या गोळा कराव्या लागतात आणि कार्यालयाचे खेटे घालावे लागतात.

मी नाशिकमधल्या एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. माझे स्वतःचे पहिले वर्ष याच चुकीने सुरू झाले होते. आमचे गाव इगतपुरी तालुक्यातले. जुलैमध्ये भाताची आवणी असते आणि त्या दिवसांत घरातला एकेक हात मोजलेला असतो. आवणी उरकल्यावर जा, असे घरी ठरले आणि मी नऊ दिवस उशिरा वर्गात पोहोचलो. तोवर प्रॅक्टिकलच्या बॅच पाडून झाल्या होत्या आणि जिथे जागा उरली होती ती संध्याकाळी उशिरा सुटणारी बॅच माझ्या वाट्याला आली. आठवड्यातले दोन दिवस मला घोटीची सोयीची बस मिळत नसे आणि घरी पोहोचेपर्यंत रात्र होई. हे वर्षभर चालले. नऊ दिवसांत बुडालेला अभ्यास मी पंधरा दिवसांत भरून काढला होता, पण ती बॅच काही बदलली नाही. पुढील मार्गदर्शन त्या अनुभवातून आणि नंतरच्या शिक्षकी वर्षांतून आलेले आहे.

आधी एक खुलासा

नाशिकमध्ये ‘विद्यापीठात प्रवेश घेतला’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत त्याचा अर्थ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, असा होतो. हे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. पदवी विद्यापीठाची असली तरी पहिला आठवडा प्रत्यक्षात महाविद्यालयातच घडतो, म्हणून या लेखातल्या सूचना महाविद्यालय डोळ्यांसमोर ठेवून केल्या आहेत. म्हसरूळ येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांत उपस्थितीचे नियम अधिक कडक असून तेथे लेखी विषयांना ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना रोजचे वर्ग नसतात. त्यांनी ‘पहिला आठवडा’ या शब्दांच्या जागी अभ्यासकेंद्रावरील पहिले संमंत्रण सत्र, म्हणजे मार्गदर्शनाचा पहिला वर्ग, असे वाचावे. ते सत्र चुकवणाऱ्यांना स्वाध्याय, पुस्तके आणि परीक्षा अर्ज यांची माहिती पुढे तुकड्या-तुकड्यांनी जमवत बसावी लागते.

हजेरीचा हिशेब वहीत मांडून पाहा

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार, जे आपल्याकडील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झाले, अभ्यासाचे मोजमाप श्रेयांकांत म्हणजे क्रेडिटमध्ये होते. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे ६० तास, म्हणजेच पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास. हजेरीची अट ७५ टक्क्यांची धरली तर ४५ तास उपस्थित राहणे आवश्यक ठरते आणि संपूर्ण सत्रात गैरहजेरीसाठी हातात १५ तास उरतात. पहिला आठवडा चुकवला की त्या पंधरातले चार तास सुरुवातीलाच खर्च होतात.

प्रॅक्टिकलचा हिशेब याहून बोचरा आहे. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक ३० तासांचा असतो. दोन श्रेयांकांचे ६० तास, आणि चार तासांचे एक सत्र धरल्यास एकूण पंधरा सत्रे. ७५ टक्क्यांसाठी त्यांतली बारा सत्रे पूर्ण करावी लागतात. म्हणजे फक्त तीन चुकवता येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यातले एक गेले, तर पुढच्या चौदा आठवड्यांसाठी दोन उरतात.

या सुट्यांची खरी गरज कधी पडते ते नाशिककरांना वेगळे सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागते तेव्हा नदीपलीकडून येणाऱ्यांची वाट अडते. घाटमाथ्याकडच्या गावांत मुसळधार पावसात एस.टी.च्या फेऱ्या रद्द होतात. घरी गणपती-महालक्ष्म्या असतात, नवरात्रात वणीच्या गडावर जायचे असते. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची गोडी छाटणी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते, म्हणजे नेमकी सत्रपरीक्षा जवळ येत असताना. एखादे आजारपणही गृहीत धरावे. चुकवता येण्याजोगे तास अशा दिवसांसाठी राखून ठेवायचे असतात.

वर्ग सुरू होण्याच्या आधीचे चार-पाच दिवस

पहिला आठवडा नीट जाण्याची तयारी त्याच्या आधीच्या आठवड्यात करावी लागते. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर आणि संकेतस्थळावर वर्ग सुरू होण्याची तारीख पाहावी. मित्राने सांगितलेली तारीख प्रमाण मानू नये, कारण एकाच संस्थेत कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांचे वर्ग वेगवेगळ्या दिवशी सुरू होऊ शकतात.

त्यानंतर कागदपत्रांची एक जाड फाइल तयार करावी. दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, बारावीनंतरचा शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड, अधिवास दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, मध्ये वर्ष गेले असल्यास गॅपचे प्रतिज्ञापत्र, आणि इतर मंडळातून आलेल्यांसाठी मायग्रेशन प्रमाणपत्र, हे सर्व त्या फाइलमध्ये असावे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला महाविद्यालयात जमा होतो, म्हणून तो देण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवाव्यात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून अर्ज केल्यानंतर काही दिवस जातात, म्हणून तो आधीच मागवावा. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज, मग ती मागास प्रवर्गासाठीची असो किंवा आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठीची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असो, या दाखल्याशिवाय पुढे सरकत नाही. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हेही शाखेत जाऊन विचारून घ्यावे, कारण शिष्यवृत्तीची रक्कम आधार संलग्न खात्यातच जमा होते.

आता एक असा मुद्दा, ज्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो: नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचे नाव पूर्ण, दुसरीकडे नुसते आद्याक्षर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. हे फरक घरात कोणालाही खटकत नाहीत. परंतु विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक म्हणजे पी.आर.एन., मिळवलेले श्रेयांक जिथे जमा होतात ते, डिजिलॉकरमधून तयार होणारे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज, या तिन्ही ठिकाणी नाव जुळावे लागते. पहिल्या आठवड्यात कार्यालयात विद्यार्थ्यांच्या याद्या तयार होत असतात, तेव्हा लिपिकाला नावातली चूक दाखवली तर ती तिथल्या तिथे दुरुस्त होण्याची शक्यता सर्वाधिक असते. तीच चूक पाचव्या सत्रात लक्षात आली तर विद्यापीठापर्यंत पत्रव्यवहार करावा लागतो. म्हणून यादी लागली की आपल्या नावाचे प्रत्येक अक्षर दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहावे.

प्रवासाची चाचणी एकदा कामाच्या दिवशी करून पाहावी. रविवारी निमाणीहून गंगापूर रोडला जितका वेळ लागतो, त्यावरून सोमवारी सकाळी साडेनऊचा अंदाज करता येत नाही, सी.बी.एस. आणि अशोक स्तंभाच्या परिसरातली गर्दी हिशेबात धरावी लागते. सिटीलिंकच्या म्हणजे शहर बसच्या किंवा एस.टी.च्या विद्यार्थी पासासाठी महाविद्यालयाची सही-शिक्का किंवा बोनाफाईड लागते आणि ते पहिल्या आठवड्यात मागणाऱ्यांची रांग मोठी असते. बोनाफाईडचा अर्ज पहिल्याच दिवशी देणाऱ्याला बहुधा त्याच आठवड्यात पास हाती पडतो आणि पूर्ण भाड्याचा खर्च वाचतो.

सोमवार

पहिल्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचावे. सर्वप्रथम सूचनाफलकासमोर उभे राहून तुकडी, रोल नंबर, वेळापत्रक आणि वर्गखोलीचा क्रमांक वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावा. मोबाइलने छायाचित्र घेतले तरी उतरवावेच, कारण लिहिताना दोन तासांची वेळ एकमेकांवर येते आहे का, हे लक्षात येते. अशी अडचण दिसली तर ती त्याच दिवशी वर्गशिक्षकांच्या किंवा विभागप्रमुखांच्या कानावर घालावी. पहिल्या आठवड्यातले वेळापत्रक कच्चे असते आणि शिक्षकही त्यातल्या चुका शोधतच असतात. तेव्हा सांगितलेली अडचण मदत म्हणून स्वीकारली जाते. महिन्याने सांगितली तर ती तक्रार ठरते.

त्यानंतर परिसर पायाखाली घालावा. कार्यालयाची विद्यार्थ्यांसाठीची खिडकी, तिची वेळ, ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा विभाग, मुलींचा कॉमन रूम, पिण्याचे पाणी आणि झेरॉक्सचे दुकान एवढे पहिल्या दिवशी माहीत झाले तरी पुरे.

स्वागत समारंभ किंवा परिचय कार्यक्रम हा केवळ भाषणांचा असतो, असे समजून अनेक जण मधूनच निघून जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागत विद्यार्थ्यांसाठीच्या परिचय कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने तीन आठवड्यांचा असा कार्यक्रम आखून दिला आहे. भाषणे लांबतात हे मला मान्य आहे. तरीही मूल्यमापनाची पद्धत, अंतर्गत गुणांची विभागणी, मेंटॉर म्हणजे पालक-शिक्षक कोण, ही माहिती सलगपणे फक्त तेथेच सांगितली जाते. शंभर गुणांच्या विषयात ३० गुण अंतर्गत आणि ७० गुण सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे असतील, तर ते ३० कशाकशावर मिळणार, हे पहिल्या आठवड्यात समजलेला विद्यार्थी सत्रभर त्यानुसार वागू शकतो.

विषयांची टोपली: मंगळवार ते गुरुवार

संपूर्ण आठवड्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि सर्वांत जास्त पश्चात्तापही याच बाबतीत होतो. नव्या रचनेत एका सत्राला साधारण २२ श्रेयांक असतात. त्यात मुख्य विषयांबरोबर खुला वैकल्पिक विषय, कौशल्याधारित विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा असे दोन-दोन श्रेयांकांचे विषय असतात. यांपैकी काही सक्तीचे, तर काही निवडीचे. खुला वैकल्पिक विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो, आणि प्रत्येक विषयाच्या वर्गात बसू शकणाऱ्यांची संख्या मर्यादित असते. एखादा लोकप्रिय विषय पहिल्या दोन दिवसांत भरतो. उशिरा आलेल्याला उरलेल्यांतून निवड करावी लागते.

प्रवेशअर्ज भरताना सायबर कॅफेत घाईघाईने निवडलेले विषय अंतिमच असतात, असे पुष्कळ पालक समजतात. बहुतेक महाविद्यालये सुरुवातीचे काही दिवस विषयबदलाची मुभा देतात, मात्र ती मुदत लहान असते. म्हणून या दिवसांत ज्या विषयांबद्दल मन द्विधा असेल त्या दोन्हींच्या तासांना बसून पाहावे. शिक्षकांची परवानगी घ्यावी. सहसा कोणी नाही म्हणत नाही. अभ्यासक्रमाची प्रत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते, ती वाचावी. द्वितीय व तृतीय वर्षातल्या किमान दोन विद्यार्थ्यांना विचारावे, पण त्यांना ‘सोपा विषय कोणता’ असे विचारू नये. ‘या विषयात पुढे काय करावे लागते’, असे विचारावे.

बी.ए. आणि बी.एस्सी.ला पहिल्या वर्षी घेतलेल्या विषयांतूनच साधारणपणे पुढे मुख्य विषय ठरतो. रसायनशास्त्रात पुढे जाण्याची इच्छा असलेली मुलगी पहिल्या वर्षी ते गटातच घेऊ शकली नाही, तर तिची वाट पुढे अवघड होते. सातपूर-अंबडच्या औषधनिर्माण कारखान्यांत प्रयोगशाळेतले काम मिळवण्याचे स्वप्न घेऊन आलेली आणि केवळ आठवडाभराच्या उशिरामुळे भलताच गट घेऊन बसलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांचे वाईट वाटते, कारण त्यांच्या बुद्धीत काहीच उणे नव्हते.

बॅच, जर्नल आणि प्रयोगशाळा

विज्ञान, संगणक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बॅच कधी पाडली जाणार हे पहिल्याच दिवशी प्रयोगशाळा सहायकांना विचारावे. ज्यांना सुरगाणा, पेठ, कळवण, चांदवड किंवा येवल्याकडून रोज यायचे आहे त्यांनी शेवटच्या गाडीची वेळ सांगून सकाळच्या किंवा दुपारच्या बॅचची विनंती करावी. ही विनंती त्या दिवशी तोंडी केली तरी पुरते. याद्या फलकावर लागल्यानंतर मात्र कोणीतरी अदलाबदलीला तयार होईल तेव्हाच काम होते.

पहिल्या प्रॅक्टिकलला बहुधा प्रयोग नसतो. त्या दिवशी जर्नल कसे लिहायचे, उपकरणे कशी हाताळायची, आम्ल सांडले तर काय करायचे, अ‍ॅप्रन कोणता आणायचा हे सांगितले जाते. सुरक्षेच्या या सूचना नंतर कोणीही पुन्हा सविस्तर सांगत नाही, एवढे कारण मला तरी हजर राहण्यासाठी पुरेसे वाटते.

तासाला बसल्यावर

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी पहिला आठवडा का चुकवू नये, याचे एक वेगळे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण आहे. विज्ञान आणि संगणकाचे, आणि अनेक ठिकाणी वाणिज्याचेही, अध्यापन पदवीला इंग्रजीत होते. पहिल्या काही तासांत शिक्षक मूलभूत संज्ञा सावकाश सांगतात, वारंवार मराठीत येतात, फळ्यावर शब्द लिहितात. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच संज्ञा ओळखीच्या धरून पुढे जातात. ते पहिले तास ज्याने ऐकले नाहीत त्याला पुढचे व्याख्यान अवघड वाटते आणि आपल्याला इंग्रजी येत नाही, असा समज तो करून घेतो, जेव्हा प्रत्यक्षात त्याच्याकडून फक्त वीस-पंचवीस शब्द निसटलेले असतात.

यासाठी प्रत्येक विषयाच्या वहीची शेवटची चार पाने शब्दांसाठी राखून ठेवावीत. तासात आलेला प्रत्येक नवा शब्द तेथे इंग्रजीत लिहावा, समोर अर्थ मराठीत, आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्य जमेल तसे लिहावे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी ही यादी घेऊन शिक्षकांकडे जावे. ‘सर, मला या शब्दांचा अर्थ नीट लागलेला नाही,’ असे म्हणणारा विद्यार्थी शिक्षकांच्या कायम लक्षात राहतो. मी शपथेवर सांगेन की असे विचारणाऱ्यांपैकी एकाचाही मला आजवर राग आलेला नाही.

शक्यतो पहिल्या तीन बाकांवर बसावे. पहिल्या आठवड्यात जेथे बसतो तेथेच वर्षभर बसण्याची सवय लागते.

माणसे

पहिल्या तीन-चार दिवसांत वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट तयार होतो आणि तास रद्द झाल्याची, खोली बदलल्याची, अर्जाच्या मुदतीची बातमी तेथेच फिरते. त्या गटात आपला क्रमांक आहे याची खात्री करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोज एका तरी अनोळखी विद्यार्थ्याशी नाव-गाव विचारून बोलावे. या दिवसांत सगळेच नवखे असतात, त्यामुळे कोणाला बोलण्याचे कारण द्यावे लागत नाही. पंधरा दिवसांनी घोळके जमतात आणि मग मध्ये शिरणे अवघड जाते, विशेषतः खेड्यातून एकट्याने आलेल्या मुला-मुलींना. खोलीवर राहणाऱ्यांनी खानावळीचे पहिले पैसे आठवड्यापुरतेच द्यावेत आणि अनामत रकमेची लेखी पावती घ्यावी.

सीनियरशी ओळख करावी, पण ओळख आणि छळ यांतला फरक ठाऊक असावा. महाराष्ट्रात रॅगिंगला बंदी घालणारा कायदा १९९९ पासून आहे आणि दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार विद्यार्थी व पालक दोघांनाही रॅगिंगविरोधी हमीपत्र भरावे लागते; ते पहिल्या आठवड्यातच भरून टाकावे. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ हा मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. मुलींनी लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावे फलकावरून टिपून घ्यावीत.

नावनोंदणीच्या याद्या

राष्ट्रीय छात्रसेनेची निवड लवकर होते आणि जागा मोजक्या असतात. ‘बी’ प्रमाणपत्र दुसऱ्या आणि ‘सी’ प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षी मिळते, त्यामुळे पहिल्या वर्षी नाव नोंदवायचे राहून गेले तर तीन वर्षांच्या पदवीत ‘सी’पर्यंत पोहोचता येत नाही. सैन्य किंवा पोलीस भरतीचा विचार असलेल्यांनी सोमवारीच छात्रसेनेचे कार्यालय शोधावे. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. घरची परिस्थिती बेताची असलेल्यांनी विद्यापीठाच्या कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेचा अर्ज विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे मागावा. अनुसूचित जमातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत करणारी आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी तशीच स्वाधार योजना आहे. या सर्वांची सूचना फलकावर चार-पाच दिवस असते आणि मग तिच्यावर दुसरा कागद चिकटवला जातो.

ग्रंथालयाचे कार्ड याच आठवड्यात काढावे. क्रमिक पुस्तकांच्या प्रती थोड्या असतात, प्रथम येणाऱ्याला त्या मिळतात. शहरात राहणाऱ्यांनी १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाचे, म्हणजे सावानाचे, सभासदत्वही घ्यावे.

शनिवारी संध्याकाळी

तास संपल्यावर तासभर एके ठिकाणी बसून वही उघडावी आणि पाहावे: सर्व विषयांची नावे आणि श्रेयांक मला लिहिता येतात का, प्रत्येक विषयाच्या शिक्षकांचे नाव ठाऊक आहे का, बॅच आणि मेंटॉर कळले का, हजेरीपटात माझे नाव बरोबर आहे का, ओळखपत्र व बोनाफाईडचा अर्ज दिला का, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते उघडले का. यांतले जे राहिले असेल ते सोमवारी पहिल्या तासाच्या आधी उरकावे.

येणे शक्यच नसेल, किंवा प्रवेशच उशिरा झाला तर

घरात आजारपण असते, दुःखद प्रसंग घडतात, आणि आवणीसारखी कामेही असतात, ज्यांना मी कमी लेखणार नाही. आवणीच्या बाबतीत आई-वडिलांशी आधी बसून बोलावे. गावात सावडीने काम करण्याची रीत असेल तर आपल्या घरचा दिवस रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी धरता येतो का, हे पाहावे. निदान सोमवार ते बुधवार महाविद्यालयात हजर राहून उरलेले दिवस शेतावर द्यावेत. पालकांनाही माझी हात जोडून विनंती आहे की मुलाचे हे तीन दिवस राखून ठेवावेत. वर्षभराची त्याची पायपीट त्याने वाचू शकते.

मुळीच येता येणार नसेल तर विभागप्रमुखांच्या नावे अर्ज लिहून तो ओळखीच्या विद्यार्थ्याबरोबर किंवा पालकांबरोबर पाठवावा. अर्जात रोल नंबर किंवा प्रवेश क्रमांक, गैरहजेरीचे कारण, परत येण्याची निश्चित तारीख आणि आपल्या विषयांची पसंती असावी, म्हणजे याद्या तयार होताना तुमचे मत निदान कागदावर तरी असते. ‘मी बहुधा पुढच्या आठवड्यात येईन’ असे मोघम लिहू नये.

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या अभ्यासक्रमांत केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या वर्ग सुरू झाल्यानंतरही चालतात, त्यामुळे काहींना पहिला आठवडा लाभतच नाही. त्यांनी प्रवेश मिळाल्याच्या दिवसापासून स्वतःचा आठवडा वरच्याच क्रमाने पार पाडावा, मात्र दोन कामे अधिक करावीत. पहिले काम म्हणजे नियमित हजर असलेल्या दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या वह्या मिळवून झालेला भाग उतरवून घेणे. एकाच वहीत काय सुटले ते दुसरीमुळे कळते. दुसरे म्हणजे प्रवेशाच्या तारखेपासून हजेरी मोजावी, असा लेखी अर्ज जागावाटप पत्राची प्रत जोडून कार्यालयात देणे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. सत्राच्या शेवटी कमी हजेरीची यादी फलकावर लागते तेव्हा हीच प्रत दाखवावी लागते, म्हणून ती निकाल लागेपर्यंत फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावी.